सिवनीची पट्टी

ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकावर 1799–1826 अशी वर्षे आहेत. फितीवर चढवायच्या लढायांच्या पट्ट्या मात्र 21, आणि त्यांतली सर्वांत जुनी अलीगडची, सप्टेंबर 1803 ची. 1799 हे टिपूचे श्रीरंगपट्टण जिंकल्याचे साल. त्याचे वेगळे पदक आधीच वाटून झाले होते. तेव्हा पदकावरच्या सालावर विसंबू नये, पट्ट्यांची यादीच वाचावी.

मंजुरी 21 मार्च 1851 ची. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांतल्या हयात सैनिकांना इंग्लंडात असेच पदक नुकतेच मिळाले होते. इथेही अट तीच, माणूस जिवंत हवा. 1803 च्या असईच्या लढाईत 20 वर्षांचा असलेला शिपाई आता 68 वर्षांचा. त्यामुळे जुन्या लढायांच्या पट्ट्या थोड्यांनाच मिळाल्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या वाचकाने या यादीत वऱ्हाड शोधावे. अडगाव (29 नोव्हेंबर 1803) सापडते, गाविलगड (15 डिसेंबर) सापडतो. मग 1817 ची खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर. शेवटी 1 जानेवारी 1818 चे कोरेगाव. इथे मराठ्यांशी झालेल्या लढायांची यादी संपते, युद्ध मात्र संपलेले नव्हते. 17 एप्रिल 1818 रोजी कंपनीच्या कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीराव पेशव्याला पांढरकवड्याजवळ सिवनीला गाठून त्याची फौज उधळली. दिग्रसच्याच जिल्ह्यातली ही लढाई. तिची पट्टी नाही. मे महिन्यात ॲडम्सने चांदा घेतला, त्याचीही नाही.

का? पाठलागातली चकमक म्हणून वगळली असावी, हा पहिला तर्क. तो टिकत नाही, कारण कोरेगावही पळत्या पेशव्याच्या वाटेवरच घडले. शिवाय पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथे पडले ती फेब्रुवारीतली अष्टीची लढाईही यादीत नाही. तिला किरकोळ म्हणायला कोणी धजणार नाही. माझा अंदाज असा, की पेशवा, भोसले आणि होळकर यांची कंबर मोडली ते क्षण कंपनीने निवडले, आणि कोरेगाव थोड्यांनी तग धरल्याबद्दल त्यांत आले. हा अंदाजच. निश्चित एवढेच, की ज्याने फक्त सिवनी आणि चांदा पाहिला, त्याला 1851 साली जिवंत असूनही या पदकावर हक्क सांगता येत नव्हता.

सिवनीहून निसटलेला बाजीराव जूनमध्ये कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि पुढे ब्रह्मावर्ताला (बिठूरला) राहिला. तो वारला 28 जानेवारी 1851 रोजी, मंजुरीच्या दोन महिने आधीही नाही. दोन तारखांचा संबंध जोडणारा कागद नसल्याने हा योगायोगच धरावा लागतो.