मेणाची रेघ

जावा बेटावरील योग्याकार्ता व सुराकार्ता येथील राजदरबारांत कोणी कोणती नक्षी अंगावर घ्यावी, याचे नियम ठरलेले होते. तिरप्या रांगांतून वाहत जाणारी ‘पारांग’ ही नक्षी राजा आणि राजकुल यांच्यासाठी राखीव असे. वस्त्रावरील आकृती हे मनुष्याच्या समाजातील स्थानाचे चिन्ह मानले जाई. अशा बंदिस्त नक्षीतून विसाव्या शतकातील मोकळी कला कशी उदयास आली, हा इतिहास उद्बोधक आहे.

या वस्त्रकलेस बाटिक म्हणतात. तांब्याच्या इवल्याशा वाटीला बारीक तोटी असलेले ‘चांटिंग’ नावाचे उपकरण हाती घेऊन जावी स्त्रिया वितळलेल्या मेणाने कापडावर रेघा काढीत. जेथे मेण, तेथे रंग चढत नाही. निळीचा निळा आणि झाडांच्या सालींपासून मिळणारा तपकिरी, असे एकेक रंग चढवीत गेल्याने एका वस्त्रास कित्येकदा महिनेच्या महिने लागत. चार लंबगोलांची ‘कावुंग’ ही नक्षी तर अतिप्राचीन. तिच्याशी मिळतीजुळती आकृती 9व्या शतकातील प्रांबाननच्या मंदिरांवर कोरलेली दिसते.

परंतु ही परंपरा बाहेरच्या वाऱ्यास कधीच पारखी नव्हती. गुजरातमधील पाटणचे पटोळे समुद्रमार्गे या बेटांवर जात, आणि राजघराण्यांत त्यांना मोठा मान असे. उत्तर किनाऱ्यावरील पेकालोंगान येथील कारागिरांनी पटोळ्याचे विणलेले फूल मेणाच्या रेघेत उतरविले; तीच ‘ज्लाम्प्रांग’ नक्षी. पाटणचे साळवी विणकर मूळचे जालन्याचे, अशी त्यांची परंपरा सांगते. ती ग्राह्य धरल्यास या फुलाचा मार्ग मराठवाड्यातूनही जातो.

इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर 1950 नंतरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी अवघ्या राष्ट्राचे म्हणता येईल असे बाटिक घडविण्यास गो तिक स्वान यांना सुचविले. ते सुराकार्ताच्या चिनी वंशाच्या बाटिक व्यावसायिक घराण्यातील. त्यांनी दरबारी आकृत्यांचा कसून अभ्यास केला आणि त्यांत उत्तर किनाऱ्याचे उजळ रंग भरले. एके काळी दरबाराने राखलेली नक्षी अशा रीतीने साऱ्या देशाची झाली.

याच सुमारास समुद्रापलीकडे, मलायातील पेनांग येथे, चीनमध्ये जन्मलेले च्वा थियन तेंग यांनी आणखी एक पाऊल टाकले. बाटिकचा कारखाना चालविण्याचा अनुभव गाठीस असल्याने त्यांनी मेण आणि रंग यांनाच चित्रकाराची साधने केली. आई आणि मूल, कोळी, बाजार असे भोवतालचे जीवन त्यांच्या कापडावर अवतरले. 1955 मध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि बाटिक भिंतीवर मानाने विराजमान झाले.

2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकची मानवजातीच्या वारशात नोंद केली. तथापि यंत्रावर छापलेला पारांग क्षणार्धात तयार होतो. त्यात आकृती असते, पण मेण धरणाऱ्या हाताचा कंप नसतो. नुसती बाह्यरेषा उचलणाऱ्या कलावंताच्या पदरीही तेवढेच पडते. गो तिक स्वान आणि च्वा यांनी जुने नियम मोडले खरे. पण ते मोडण्यापूर्वी त्यांनी ते हाताने शिकून घेतले होते.