पंद

(शास्त्रीय नाव : पिंडा कोंकणेन्सिस, कुल : एपिएसी, जुने नाव अंबेलिफेरी अथवा चामर कुल). पावसाळ्यात पांढरी फुले येणारी ही ओषधी फक्त पश्चिम घाटाच्या उत्तर भागात उगवते. साताऱ्याचे कास पठार, महाबळेश्वर आणि कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगरी पट्टा ही तिची ठिकाणे. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर ही सगळी तिची भावकी. कांदा-लसूण मसाल्यासाठी दरसाल धने-जिरे भाजणाऱ्या कोल्हापूरकरांना हे कुल नावाने नसले तरी वासाने ठाऊक असते.

झाड वर्षायू वाटते, पण तसे नाही. जमिनीत कंदासारखे मांसल मूळ असते. पावसाळ्यात त्यातून पाने फुटतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दांडा गवताच्या वर डोके काढतो. फुलोरा चामरकल्प : एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा तशीच लहान छत्री. खरी गंमत कडेच्या फुलांत आहे. त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या व टोकाशी दुभंगलेल्या असतात, त्यामुळे इवल्या फुलांचा झुबका लांबून एकच मोठे फूल भासतो. पठारावरची पांढरी फुले सगळीच पंदाची नव्हेत; गोल बटणांसारखी दिसतात ती गेंदाची. फळे चपटी असून पिकल्यावर त्यांचे दोन भाग होतात.

भूमध्य सागराकाठच्या झुडपी माळांवर याच गोतातले टॉर्डिलियम ॲप्युलम उगवते. त्याच्याही कडेच्या पाकळ्या अशाच मोठ्या व दुभंगलेल्या. ग्रीसमध्ये त्याचा कोवळा पाला भाजीत घालतात. मात्र ते खरे वर्षायू. तिथला पाऊस हिवाळी, म्हणून ते वसंतात फुलते आणि रखरखीत उन्हाळा बियांच्या रूपाने काढते. पंदाचा कोरडा काळ दिवाळीनंतर सुरू होऊन वळिवापर्यंत चालतो. तेवढे महिने ती मुळाच्या साठ्यावर निजून राहते.

डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिची नोंद हेराक्लियम प्रजातीत केली होती. मुखर्जी व कॉन्स्टन्स यांनी 1986 मध्ये तिच्यासाठी वेगळी प्रजाती मानली व तिला पिंडा हे देशी नाव दिले. दीर्घकाळ एकाच जातीच्या राहिलेल्या या प्रजातीत पुढे पिंडा श्रीरंगी या दुसऱ्या जातीची भर पडली. हे नाव कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांच्यावरून आले आहे.