चॅगोस द्वीपसमूह : समन्वेषणाचा इतिहास

हिंदी महासागराच्या मध्यभागी, मालदीव बेटांच्या दक्षिणेस सु. ५०० किमी. अंतरावर वसलेला प्रवाळद्वीपांचा समूह. ५० हून अधिक बेटांच्या या समूहाचे एकूण भूक्षेत्र सु. ६० चौ. किमी. असून त्यापैकी निम्मे एकट्या दिएगो गार्सिया बेटाचे आहे. दिएगो गार्सिया, पेरोस बान्योस, सालोमन (पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटे निराळी) व एग्मंट ही येथील प्रमुख कंकणद्वीपे होत. यांच्यामध्ये ग्रेट चॅगोस बँक हे जगातील सर्वांत विस्तीर्ण कंकणद्वीप पसरलेले आहे. मात्र त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असून मोजकी लहान बेटेच वर डोकावतात.

सोळाव्या शतकात केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या पोर्तुगीज खलाशांना ही बेटे प्रथम माहीत झाली, ती बव्हंशी संकटे म्हणूनच. लिस्बनहून निघालेले ‘कॉन्सेसाऊं’ हे जहाज १५५५ मध्ये पेरोस बान्योसच्या भित्तींवर आदळून फुटले. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनतीन मीटर उंचीची ही बेटे दुरून दिसत नाहीत. दिसतात ती नारळीची शेंडी, आणि तोपर्यंत भित्ती अनेकदा जहाजाखाली आलेली असते. रेखांश अचूक काढण्याचे साधन त्या काळी नसल्याने नकाशांत एकच बेट वेगवेगळ्या नावांनी दोन ठिकाणी पडलेले आढळे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसमधील फ्रेंचांनी येथे पद्धतशीर पाहणी सुरू केली. १७८६ मध्ये मुंबई सरकारने दिएगो गार्सिया येथे ठाणे वसविण्यासाठी एक मोहीम धाडली. तिच्यातील मुंबई मरीनचा लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर (पुढे अंदमानातील पोर्ट ब्लेअरला याचेच नाव मिळाले) याने तेथील खारकच्छाचे मोजमाप केले. फ्रेंचांच्या हरकतीमुळे व जमिनीच्या निरुपयोगीपणामुळे हे ठाणे त्याच वर्षी उठविण्यात आले. मागे उरला तो नकाशा.

मुंबई मरीनचे नाव १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ झाले. तिचा कप्तान रॉबर्ट मोर्झबी याने तांबड्या समुद्राचे सर्वेक्षण आटोपल्यावर १८३४–३६ मध्ये मालदीवचे आणि १८३७ मध्ये चॅगोसचे सर्वेक्षण केले. ही कामगिरी शिडाच्या जहाजांनी व त्यांच्याबरोबरच्या होड्यांनी पार पाडली, हे ध्यानात घेतल्यावाचून तिचे मोल कळत नाही. मोठे जहाज भित्तीबाहेर राही, कारण वारा पडला की प्रवाह त्यास प्रवाळावर नेऊन टाकी आणि भित्तीच्या बाहेरील उतार इतका खडा की नांगरास ठाव लागत नसे. खारकच्छात होड्या सोडाव्या लागत. शिसे बांधलेली दोरी टाकून वावांत खोली मोजावयाची, शिशाच्या बुडाला लावलेल्या चरबीस चिकटून आलेला तळाचा नमुना पाहावयाचा, सेक्स्टंटने बेटाबेटांमधील कोन घ्यावयाचे आणि क्रॉनॉमीटरवरून रेखांश काढावयाचे, असा हा क्रम महिनोन्‌महिने चाले. वाळू, प्रवाळाचा चुरा की जिवंत प्रवाळ, हे त्या चरबीवरूनच कळे. मालदीवमध्ये तापाने खलाशी व अधिकारी हैराण झाले; माले येथे माहितीसाठी राहिलेले लेफ्टनंट यंग व क्रिस्टोफर हेही आजारी पडले.

या आकड्यांचे मोल खलाशांपुरते राहिले नाही. चार्ल्स डार्विन चॅगोसला कधीच गेला नव्हता. ‘बीगल’ जहाजातून त्याने १८३६ मध्ये कीलिंग बेटे पाहिली होती. परंतु १८४२ च्या आपल्या प्रवाळभित्तीविषयक ग्रंथात त्याने मोर्झबी व लेफ्टनंट पॉवेल यांनी दिलेल्या माहितीचा विपुल उपयोग केला. ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या काठचे प्रवाळ वर वाढत राहते आणि अखेर बेट नाहीसे होऊन कंकण तेवढे उरते, अशी त्याची उपपत्ती होती. ग्रेट चॅगोस बँकेचा काठ काही वाव पाण्याखाली आणि मधला भाग त्याहून पुष्कळ खोल, हे मोर्झबीच्या मापनावरून दिसत होते. म्हणून डार्विनने तिला अर्धे बुडालेले कंकणद्वीप ठरविले. १९५२ मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे १,२०० मी.हून अधिक खोलीवर ज्वालामुखी खडक लागला आणि खचण्याच्या कल्पनेस बळकटी मिळाली. हिमयुगांतील समुद्रपातळीच्या चढउतारांचा वाटाही मोठा असल्याचे आता मानले जाते. १९०५ मध्ये जे. स्टॅन्ली गार्डिनर यांच्या नेतृत्वाखाली पर्सी स्लेडन मोहीम येथे आली. तिचे ‘सीलार्क’ हे सर्वेक्षण-जहाज मूळचे एका धनिकाची यॉट होते.

या सर्व नोंदींत भित्तींचा तपशील जितका आढळतो, तितका माणसांचा आढळत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकी व मादागास्करी गुलामांनी येथे नारळीच्या बागा लावल्या. गुलामगिरी संपल्यावर दक्षिण भारतातील काही मजूरही आले. खोबरे व तेल यांवर चाललेला हा समाज क्रिओल बोले. ब्रिटिशांनी १९६५ मध्ये ही बेटे मॉरिशसपासून तोडली, दिएगो गार्सिया अमेरिकेच्या नाविक तळासाठी दिले आणि १९७३ पर्यंत सु. १,५०० ते २,००० रहिवाशांना मॉरिशस व सेशेल्स येथे नेऊन टाकले. त्यांच्या कुत्र्यांनाही ठार मारण्यात आले.

रिकाम्या झालेल्या सालोमन व पेरोस बान्योस येथे पुढे यॉटधारी प्रवासी येऊ लागले. आग्नेय आशिया वा मालदीवकडून मादागास्करच्या दिशेने जाताना वाटेत निवाऱ्याचे नांगरतळ फारसे नाहीत. खारकच्छात शिरण्याची रीत मोर्झबीच्या वेळची ती आजही आहे : सूर्य डोक्यावर व पाठीशी असता, डोलकाठीवर माणूस चढवून, पाण्याच्या रंगावरून प्रवाळाचे सुळके ओळखीत पुढे सरकावयाचे. जुन्या सर्वेक्षणांवर आधारलेले नकाशे आणि उपग्रहांवरून मिळणारे स्थान यांत फरक पडू शकत असल्याने केवळ यंत्रावर विसंबून चालत नाही. बॉडम बेटावर पडक्या घरांच्या सोबतीने काही यॉट महिनोन्‌महिने राहत. पुढे प्रशासनाने शुल्क आकारले व मुक्काम २८ दिवसांपुरता मर्यादित केला. ज्यांची ती घरे होती, त्यांना मात्र तेथे राहण्यास बंदीच होती. हा विरोधाभास बेटवासीयांच्या तक्रारींत वारंवार येतो आणि तो रास्त आहे.

२०१० मध्ये येथे सु. ६,४०,००० चौ. किमी. विस्ताराचे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. १९९८ च्या उष्ण पाण्याने उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले होते. ते पुष्कळसे सावरले, तोच २०१६ च्या सुमारास पुन्हा तसाच आघात झाला. तथापि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद न्यायाधिकरणाने या घोषणेत मॉरिशसचे हक्क डावलले गेल्याचा निर्णय दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनने तेथील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे, असे सल्लागारी मत दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशस सरकारने भाड्याने घेतलेल्या नौकेतून काही मूळ रहिवासी ब्रिटिश पहाऱ्याविना पेरोस बान्योसला उतरले आणि त्यांनी तेथील झुडपे तोडून चर्चकडे जाण्याची वाट मोकळी केली. २२ मे २०२५ रोजी सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर उभय देशांनी सह्या केल्या. त्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात राहण्याची तरतूद होती.