सागरी जलजीवालयातील तळथर

समुद्राचे पाणी भरलेल्या जलजीवालयाच्या तळाशी वाळू, बारीक खडे अथवा प्रवाळ व शिंपले यांचा चुरा पसरतात. या थरास तळथर म्हणतात [→ जलजीवालय]. पाहणाऱ्यास तो शोभेचा भाग वाटतो व सुमारे शंभर वर्षे जाणकारांनीही त्यास तसेच मानले. पाणी टिकणे वा नासणे बहुतांशी या थरावर अवलंबून असते, हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच जलजीवालये बाळगणाऱ्यांच्या ध्यानात आले. तोपर्यंत निर्मळ दिसणाऱ्या पाण्यात असंख्य मासे मरत राहिले.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये जलजीवालयातील समतोलाचे तत्त्व मांडले. वनस्पतींनी ऑक्सिजन द्यावा, माशांनी तो घ्यावा व गोगलगायींनी सडका पाला खाऊन टाकावा, अशी ही योजना होती. गोड्या पाण्यात वनस्पतींची मुळे रुजण्यासाठी तळाशी वाळू व चिखल लागे. समुद्राच्या पाण्यात ही गरज उरली नाही. सागरी शैवले खडकास केवळ चिकटून असतात, त्यातून पोषण घेत नाहीत. म्हणून फिलिप हेन्री गॉस हे शैवले छिन्नी-हातोड्याने खडकाच्या तुकड्यासह काढून आणीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह (१८५३) व गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ (१८५४) यांमुळे इंग्लंडात या छंदाची लाट उसळली. त्या काळच्या समजुतीत वाळूचे काम एवढेच, की कोळंबी, चपटे मासे व बिळे करणारे प्राणी यांना अंग लपविण्यास जागा मिळावी. वाळू धुऊन स्वच्छ ठेवणे हाच काय तो नियम होता.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील जलजीवालयात (१८७१) विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी तळघरातील मोठ्या अंधाऱ्या टाकीतून तेच पाणी अहोरात्र फिरते ठेवले व ते दीर्घकाळ चांगले राहिले. लॉइड यांनी याचे श्रेय हवेशी होणाऱ्या संपर्कास दिले. ते अर्धेच खरे होते. उरलेले काम टाक्या, नळ व खडक यांच्या पृष्ठभागांवर वाढलेले सूक्ष्मजंतू करीत होते.

या सूक्ष्मजंतूंचा शोध जलजीवालयात लागला नाही, हे थोडे विचित्रच म्हणावे लागेल. फ्रान्समध्ये श्लोसिंग व म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये वाळू व चुनखडीची पूड भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. यावरून ती सजीवांकडून होते, हे सिद्ध झाले. १८९० च्या सुमारास व्हिनोग्राड्स्की यांनी असे सूक्ष्मजंतू अलग करून दाखविले. वाळू व चुनखडीची ती नळी म्हणजे आजच्या तळथराचा जवळजवळ तंतोतंत नमुनाच होय. तरीही सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांनी जे उचलले, ते मासे पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास पाऊणशे वर्षे लागली.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. पाण्याचे पीएच मूल्य जितके जास्त, तितके त्याचे विषारी, अनायनीभूत स्वरूप अधिक. समुद्राच्या पाण्याचे हे मूल्य ८ च्या थोडे वर असल्याने तेथे धोका गोड्या पाण्याहून मोठा असतो. तळथरातील एका गटाचे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट व दुसऱ्या गटाचे सूक्ष्मजंतू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्रेट बरेच कमी विषारी असते. जपानमध्ये साएकी (१९५८) व हिरायामा (१९६५ पासून) यांनी बंद अभिसरणाच्या जलजीवालयांतील वाळूच्या गाळणथरांचा पद्धतशीर अभ्यास केला. थरातून जाताना पाण्यातील किती ऑक्सिजन खर्च होतो, यावरून हिरायामा यांनी थराची शुद्धीकरणक्षमता मोजली आणि टाकीत किती प्राणी पोसता येतील, हा प्रश्न गणिताने सोडविता येण्याजोगा केला. अमेरिकेत स्टीव्हन स्पॉट यांच्या १९७० मधील ग्रंथाने ही माहिती सर्वत्र पोहोचविली. छिद्रित तबकडीवर सु. २ ते ५ मिमी. आकाराच्या खड्यांचा ७-८ सेंमी. थर द्यावा व हवेच्या नळीने त्यातून पाणी ओढावे, ही रचना त्या काळी रूढ झाली. दाणा बारीक तितके पृष्ठफळ अधिक, पण फार बारीक वाळू तुंबते आणि प्राणवायूअभावी काळी पडून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करते.

पदार्थाच्या निवडीत चुनायुक्त द्रव्यांना प्राधान्य मिळाले. नायट्रीकरणात अम्ल तयार होते, त्याचे शमन प्रवाळचुरा वा शिंपले विरघळून करतात. परंतु ॲरॅगोनाइट व कॅल्साइट यांवर काही काळाने कार्बनी द्रव्यांचे व फॉस्फेटांचे पुट बसते. म्हणून केवळ अशा थराने पीएच मूल्य कायम राखले जाते, ही छंदिष्टांची श्रद्धा अतिशयोक्त आहे. शिवाय माशांच्या रोगावर दिलेले तांबे हा थर शोषून घेतो व मात्रा बिघडते. शिरक्याचा थेंब टाकता वाळू फसफसली, तर ती चुनायुक्त समजावी. रत्नागिरी किनाऱ्यावरील काळी, इल्मेनाइटयुक्त वाळू टाळलेली बरी. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्याने किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. शिंपल्यांचा चुरा वा चुनखडकाचे खडे हा पर्याय उरतो, पण संरक्षित जातींचे शंख-शिंपलेही वगळावे लागतात.

नवी वाळू गढूळपणा जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुतात. त्यानंतर तिला पक्व होऊ द्यावे लागते. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. उकळलेली, शुभ्र वाळू घालून दुसऱ्या दिवशी मासे सोडणारा मनुष्य सर्व काळजी घेऊनही मासे मारतो. चालू टाकीतील मूठभर मळकट वाळू नव्यात मिसळल्यास ही मुदत कमी होते. वापरातील सबंध थर एकदम काढून नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुणे म्हणजे पुन्हा आरंभापासून सुरुवात करणे होय.

जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. जिवंत खडक व हवेचे बुडबुडे यांवरच त्यांनी प्रवाळ जगविले. पुढे जर्मनीत खडकांवर भर देणाऱ्या पद्धतीत तळाची वाळू जवळजवळ नाहीशी झाली. झां जोबेर यांनी १९८० नंतरच्या दशकात ती परत आणली : तळाशी मोकळ्या पाण्याची पोकळी ठेवून त्यावर वाळूचा थर दिला, म्हणजे खालच्या ऑक्सिजनविरल भागात विनायट्रीकरण होऊन नायट्रेटाचा नायट्रोजन वायू बनतो. मोनाकोच्या सागरविज्ञान संग्रहालयातील प्रवाळटाकी याच तत्त्वावर उभारली गेली.

अमोनियाचे ऑक्सिडीकरण सूक्ष्मजंतूच करतात, हा व्हिनोग्राड्स्की यांच्यापासूनचा समज २००५ मध्ये अपुरा ठरला. त्या वर्षी ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव अलग करण्यात आला. त्याचे भाईबंद महासागरांत सर्वत्र विपुल असल्याचे दिसून आले आहे. तो मिळाला सिअॅटल येथील सार्वजनिक जलजीवालयाच्या उष्ण कटिबंधीय सागरी टाकीतील खड्यांवर.