सुश्रुताने न सांगितलेले पथ्य

केशरोपण करून नळदुर्गला आलेला पुतण्या खिशातली विडी चाचपीत म्हणाला, "काका, सुश्रुताने जखमीला आसव, अरिष्ट, सुरा वर्ज्य सांगितली. विडीचे नावही नाही!"

असणार कुठून? तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. असदबेगाला ती विजापुरात आढळली. १६०४च्या सुमारास त्याने ती अकबरापुढे ठेवली. विजापूरच्या त्याच इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरचा आमचा पाणीमहाल उभा राहिला. (इतिहासाच्या मास्तराला घरचा किल्ला आठवायचाच!)

मी म्हटले, "मद्याने रक्तस्राव वाढतो. धुराने मात्र रक्तवाहिन्या आकसतात, आणि नवी रोपे पहिले काही दिवस भोवतालच्या रक्तावरच जगतात. पाट बुजवून कोणी मळा पिकवतो काय?"

तो हसला. हात मात्र खिशातच राहिला.