पिंजऱ्यांतील पोपट आणि कायदा

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. कसबा गणपतीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत ओसरीवर टांगलेला पोपटाचा पिंजरा हा संसाराचाच एक भाग समजला जाई. विठूला पेरू व मिरची घालावी, बोलावयास शिकवावें, यांत कोणास पाप वाटत नसे. आज तसा पोपट विकणें व बाळगणें हा गुन्हा आहे. हा पालट शंभरांहून अधिक वर्षांत घडून आला.

इ. स. १८८७ च्या कायद्यानें, नुकत्याच धरलेल्या वा मारलेल्या रानपक्ष्यांची विक्री विणीच्या हंगामांत बंद करणारे नियम करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. हंगाम सरला कीं बंदीही सरे. १९१२ च्या कायद्यानें मोर, तित्तिर, बगळा, खंड्या इत्यादिकांस अभय मिळालें. त्या यादींत पोपट नव्हता. १९६० च्या कायद्यानें, धड हालचालही करतां येऊं नये इतक्या लहान पिंजऱ्यांत प्राण्यास कोंडणें हा अपराध ठरला. म्हणजे वाद पिंजऱ्याच्या आकाराचा होता. पिंजरा मुळांत असावा कीं नाहीं, हें कोणी विचारलें नव्हतें.

तो प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें पुढें आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला. त्यास कारणही तसेंच होतें. बाजारांतला पोपट पिंजऱ्यांत जन्मलेला नसे. झाडाच्या ढोलींतून पिलें काढून आणीत, आणि कित्येक वाटेंतच मरत. गिऱ्हाइकास दिसे तो जगलेला पक्षी. मेलेले त्याच्या दृष्टीस पडत नसत.

दुकानदाराकडे कायदा वळला तो सर्वांत शेवटीं. २०१७ च्या नियमांनीं आठ आठवड्यांखालील कुत्र्याचें पिलूं विकण्यास मनाई केली. २०१८ च्या नियमांप्रमाणें पाळीव प्राण्यांच्या दुकानास राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते व खरेदीविक्रीचा हिशेब ठेवावा लागतो. परदेशी मूळचे, पिंजऱ्यांतच पैदास होणारे बजरीगर अशा दुकानांत मिळतात.

पण लहानपणापासून माणसांत वाढलेल्या पोपटास एकाएकीं सोडून दिलें, तर त्यास भक्ष्य शोधतां येत नाहीं व शत्रूही ओळखतां येत नाहीं. पिंजऱ्याचें दार उघडून त्याचें रान त्यास परत देतां येत नाहीं. म्हणूनच कायद्यानें शेवटीं हात घातला तो विक्रीस; कारण ढोलींतलें पिलूं ढोलींत राहण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.