वेग मोजायचा की उंची?

मागच्या भागात पहिली बरगडी काढण्याच्या ऑपरेशनबद्दल बोललो. ते करायचं की नाही, हे ठरवणाऱ्या नसांच्या तपासणीची गोष्ट राहिलीच होती. ती सांगायला माझं स्वतःचं कारणही आहे. माझी करंगळी दोन वर्षं बधिर होती आणि रिपोर्ट मात्र 'नॉर्मल'.

मान आणि काखेमधल्या अरुंद वाटेत नसा दबल्या की होणाऱ्या त्रासाला 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम' हे नाव १९५६ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दिलं. तेव्हा निदान म्हणजे मनगटाची नाडी धरायची, मान वळवायला सांगायची आणि नाडी लागेनाशी होते का बघायचं. आता ती धडधाकट माणसांचीही लागेनाशी होते!

मग डॅलसला हॅरल्ड अर्शेल आणि सहकाऱ्यांनी अल्नर नसेतल्या संदेशाचा वेग मोजायला घेतला. सेकंदाला साधारण ७२ मीटर म्हणजे ठीक, ६०च्या खाली गेला की ऑपरेशन. एक आकडा, एक निर्णय. पण नस आतून वळणं घेत जाते आणि अंतर मोजायचं बाहेरून, कातडीवरून. थोडी चूक झाली तरी वेग बदलतो.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरला रॉजर गिलियट आणि सहकारी वेगळंच बघत होते. त्यांचे रुग्ण मोजकेच, मानेत जादा बरगडी किंवा तंतूचा पट्टा असलेले, तळहाताचे स्नायू झिजलेले. १९७० साली त्यांनी लिहिलं ते असं: झीज सगळ्यात जास्त अंगठ्याच्या बुडाशी, पण संवेदनेची लाट खुजी झालेली करंगळीत. अंगठ्याकडच्या बोटांची लाट शाबूत. कार्पल टनेलमध्ये असं होत नाही. अंगठ्याच्या स्नायूंचे आणि करंगळीच्या संवेदनेचे धागे एकत्र येतात ते वर, जाळ्याच्या सगळ्यात खालच्या फांदीत. म्हणजे दाब तिथंच. वेगापेक्षा लाटेची उंची बोलत होती, कारण धागे नुसते मंदावले नव्हते, मेले होते.

क्लीव्हलँडच्या असा विल्बर्न यांनी १९८४ साली लेडरमन यांच्यासोबत त्या वेगाच्या पुराव्यालाच आव्हान दिलं. १९८८ साली त्यांनी याच ऑपरेशननंतर हाताच्या नसांचं जाळं गंभीर जायबंदी झालेले रुग्ण मांडले. हे वाचताना मी आपोआप करंगळी चोळत होतो.

माझ्या 'नॉर्मल'चा अर्थ मला तेव्हा कळला. पुरेसे धागे मेलेले नाहीत, एवढंच ती तपासणी सांगत होती. दुखतंय की नाही, हे तिला विचारलंच नव्हतं. अशा माणसांचं काय करायचं, यावर सर्जन आणि न्यूरॉलॉजिस्ट अजून भांडतात. मी व्यायामावर आहे.

पुढच्या भागात दबलेल्या शिरेची गोष्ट.